जमिनीलगतचे फोटो: फ्लिप स्क्रीन, टिल्ट स्क्रीन की सरळ कॅमकॉर्डर?

सडाफुली
नमस्कार मंडळी. मी डिचोली तालुक्यात राहते, शाळेत शिकवते. घरामागून दहा मिनिटं चाललं की सडा, म्हणजे जांभ्याचं पठार, लागतो. मे महिन्यात तिथे उघडा, तापलेला जांभा असतो. आत्ता ऑगस्टात त्याच जांभ्यावर बोटभर पाणी साचलंय आणि त्यात सीतेची आसवं आणि गेंद ही रानफुलं, मधूनमधून दवबिंदू हे किडे खाणारं रोपटं उगवलंय. चार वर्षं मी या एकाच सड्याचे फोटो काढतेय.

माझ्याकडे निकॉन डी७२०० आहे आणि अगदी जवळून फोटो काढायची ६० मिमी एफ/२.८ डी मायक्रो लेन्स. फोटोंबद्दल काही तक्रार नाही. अडचण एवढीच, की स्क्रीन पाठीला घट्ट चिकटलेला. फूल बोटभर उंच, म्हणजे कॅमेरा जमिनीला टेकवायचा आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावायला गाल पाण्यात. दीड वर्षापूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे खाली बसणं आणि उठणं दोन्ही जड जातं.

पण मुख्य कारण वेगळंच आहे. मागच्या रविवारी एका गेंदासाठी मी पालथी झोपले. फोटो झाला. उठून पाहिलं तर माझ्या कोपराखाली दवबिंदूंचा अख्खा पुंजका चिरडलेला. लाल रोपटी, एकेक रुपयाच्या नाण्याएवढी, जमिनीला चिकटून वाढणारी. झोपण्यापूर्वी मला ती दिसलीच नव्हती. तेव्हापासून ठरवलंय, सड्यावर अंग टाकायचं नाही.

तर प्रश्न: कॅमेरा खाली आणि मी वर, असं जमवायला काय घ्यावं? बाजूला उघडणारा फ्लिप स्क्रीन चांगला की नुसता वर उचलणारा टिल्ट? भाचा म्हणतो कॅमकॉर्डर घे. बजेट सत्तर हजारांपर्यंत. वापरलेलाही चालेल.

वाळपईचा पाऊस
ताई, दवबिंदूंचं वाचून चर्र झालं. सत्तरी तालुक्यातल्या सड्यांवर हेच होतंय. एका फुलाभोवती सहा जण आडवे, आणि उठल्यावर तिथे गवतही उरत नाही. तुम्ही हे मोकळेपणी लिहिलंत ते बरं केलंत.

उत्तर: फ्लिप स्क्रीन. डोळे झाकून. (फोटो काढताना मात्र उघडे ठेवा.)

खाजनकाठी
डोळे झाकून नको हो! मी टिल्टवाला, माझी बाजू ऐका.

मी पक्ष्यांचे फोटो काढतो. आगरवाड्याची मिठागरं, करमळीचं तळं, चोडणच्या खाजनातले (भरतीचं पाणी अडवून केलेल्या शेतांतले) बांध. शेकाट्या किंवा चिखल्या पाण्याच्या पातळीवरून टिपायचा, तर लेन्स चिखलापासून वीतभर उंचीवर हवी. तरच मागची पाण्याची पट्टी दूर जाते, धूसर होते आणि पक्षी सुटा दिसतो. उभ्याने काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे चिखलच चिखल.

टिल्ट स्क्रीन वर उचलला तरी लेन्सच्या सरळ रेषेत राहतो. पक्षी डावीकडे पळाला की हात आपोआप डावीकडे वळतो. फ्लिप स्क्रीन कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला बाहेर येतो. तुम्ही बघता एकीकडे, लेन्स दुसरीकडे. सवय होते म्हणतात. मला तीन महिन्यांत झाली नाही आणि मी तो कॅमेरा विकला. सध्या सोनी अल्फा ६००० वापरतो. २०१४ चं मॉडेल, स्क्रीन वर ९० अंशांपर्यंत उचलतो, मला तेवढं पुरतं.

आणखी एक. फ्लिप स्क्रीन उघडायला डाव्या बाजूला मोकळी जागा लागते. गवतात तो अडकतो.

वाळपईचा पाऊस
@खाजनकाठी, पक्ष्यांपुरतं मान्य. पण ताईंची फुलं उभी आहेत. कॅमेरा उभा धरलात की तुमचा टिल्ट स्क्रीन बाजूला बघतो, वर नाही. मग परत मान मोडून जमिनीला कान लावायचा. फ्लिप स्क्रीन आडव्यालाही चालतो, उभ्यालाही.

मांडवीपलीकडे
दोघांचं भांडण मिटवणारी गोष्ट आहे: फुजीचे एक्स-टी२ आणि एक्स-टी३. स्क्रीन लेन्सच्या रेषेतच राहतो, पण वर-खाली उचलतो आणि शिवाय एका बाजूलाही उचलतो. उभा कॅमेरा ठेवूनही वरून दिसतं. पुढच्या एक्स-टी४ मध्ये त्यांनी साधा फ्लिप दिला, म्हणून जुनं घेताना मॉडेलचा आकडा नीट बघून घ्या.

नवशिकी
एक बाळबोध प्रश्न. वरून फोटो काढला तर काय बिघडतं? फूल तर दिसतंच ना?

सडाफुली
@नवशिकी, अजिबात बाळबोध नाही. वरून काढलं की फूल आणि जमीन एकाच पातळीवर येतात. सीतेच्या आसवांचं फूल निळं-जांभळं, खाली जांभा तांबडा, मध्ये हिरवं गवत. तिन्ही एकमेकांत मिसळून जातात. आणि फुलाचा आकारच कळत नाही. त्याच्या पाठीमागे खाली वळलेलं एक टोकदार शिंग असतं, ते फक्त बाजूने दिसतं. फुलाच्या उंचीवर उतरलं की मागे सड्याची कड, ढग, लांबची झाडं येतात. ते रोपटं जगतंय त्या जागेसकट दिसतं. मुलांना वर्गात हे दोन फोटो शेजारी शेजारी दाखवले, तर मुलं दुसऱ्यासमोरून हलेनात.

तिठ्यावरचा
पैसे कशाला घालवता? मोबाइल उलटा धरा. लेन्स वरच्या कोपऱ्यात असते, उलटा केला की ती थेट जमिनीवर येते. मोठा कॅमेरा जमिनीवर टेकवला तरी त्याच्या लेन्सचा मध्य चारपाच सेंटिमीटर वरच राहतो. मोबाइल त्याच्याही खाली जातो, आणि स्क्रीन मोठा. मी म्हापशाच्या बाजारात केळ्यांच्या घडांखालून फोटो काढतो तो असाच.

मांडवीपलीकडे
उलट्या मोबाइलची युक्ती खरी आहे. मीही करतो. पण ताईंना ६० मिमी मायक्रोची सवय आहे. ती लेन्स वस्तू सेन्सरवर मूळ आकाराएवढी उतरवते. दवबिंदूच्या केसावरचा एक थेंब मोबाइलमधून तसा मिळत नाही.

करमळीची वाट
निकॉनच घ्यायचा तर वापरलेला डी५६०० बघा. फ्लिप स्क्रीन आहे, तुमच्या लेन्स लागतील, जुना असल्याने बजेटच्या बराच आत बसेल.

खाजनकाठी
सांभाळून. डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. ताईंची ६० मिमी ही डी मालिकेतली, ती बॉडीच्या मोटरवर चालते. डी७२०० वर ऑटोफोकस होतो, डी५६०० वर होणार नाही. निकॉनचा नव्या पद्धतीचा मिररलेस कॅमेरा घेऊन, जुन्या लेन्स जोडणारा एफटीझेड ॲडॉप्टर लावला तरी हीच गत.

करमळीची वाट
बरोबर, लक्षातच नव्हतं. पण इतक्या जवळून काढताना ऑटोफोकस कोण वापरतं? फोकस रिंग एका जागी ठेवायची आणि कॅमेराच केसभर पुढेमागे करायचा. मॅन्युअल फोकसवर भागतं.

सडाफुली
मीही तसंच करते. म्हणून डी५६०० यादीत ठेवला.

पेडण्याची माती
विकत घेण्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा. डी७२०० मध्ये वायफाय आहे. निकॉनचं ॲप फोनवर टाका, कॅमेरा खाली ठेवा, फोनवर बघा, फोनवरूनच क्लिक करा. मी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर कुर्ल्यांचे असे फोटो काढतो. बिळाजवळ कॅमेरा ठेवायचा आणि दहा पावलं मागे जाऊन गप्प बसायचं. माणूस हलला नाही की कुर्ली बाहेर येते.

आणि कॅमेरा जमिनीवर ठेवायला बीन बॅग. जीनच्या जुन्या पँटचा पाय कापून शिवा, आत चवळी भरा. पावसाळ्यात मात्र धान्य भिजतं आणि तिसऱ्या दिवशी वास मारतं. त्याऐवजी पॅकिंगमधले थर्माकोलचे मणी भरा.

माशेलकर
बीन बॅगपेक्षा तवा घ्या. चेष्टा नव्हे! कडा असलेला, सपाट बुडाचा जुना फ्राय पॅन. मधोमध भोक पाडून बोल्टने ट्रायपॉडचं बॉलहेड (कॅमेरा हवा तसा वळवणारा गोल सांधा) बसवायचं. चिखलात रुतत नाही, पाणी आत येत नाही, दांडा धरून सरकवता येतो. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे देवकीकृष्णाच्या देवळासमोर चिखलकालो असतो. त्याचे फोटो मी याच तव्यावरून काढतो. चिखलात लोळणाऱ्या पोरांच्या डोळ्यांच्या रेषेत कॅमेरा, आणि मागे माणसांच्या पायांचं रान.

नवशिकी
आमच्या आईच्या बिडाच्या तव्याकडे आता वेगळ्याच नजरेने बघतेय.

माशेलकर
बिडाचा नको गो! भोक पाडायला गेलीस तर तडकू शकतो, आणि आईला काय सांगशील? ॲल्युमिनियमचा घे.

फुगडी पिंगा
कॅमकॉर्डरवर कुणीच बोललं नाही, म्हणून लिहिते. भाचा अगदीच चुकीचं सांगत नाहीये.

मी पौषात धालोचं चित्रण करते. मांडावर, म्हणजे नाचाच्या ठरलेल्या अंगणात, बायका समोरासमोर ओळी धरून नाचतात, शेवटी फुगड्या. पुरुषांना तिथे मज्जाव, त्यामुळे कॅमेरा धरणारीही बाईच लागते. मला चेहऱ्यांपेक्षा पावलं हवी असतात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ती कशी पडतात, धूळ कशी उडते, ते. हॅंडीकॅमचा स्क्रीन डावीकडे उघडतो आणि उभा-आडवा फिरतो. वर हँडल असलेला कॅमकॉर्डर असेल तर पाण्याच्या कळशीसारखा हातात लोंबता धरायचा. कॅमेरा घोट्याशी, मी ताठ उभी. पाठ वाकत नाही. सेन्सर लहान, त्यामुळे पुढचं पाऊलही स्पष्ट आणि मागची ओळही. बरेच जुने फोटो कॅमेरे अर्ध्या तासाला रेकॉर्डिंग थांबवतात, याला ती अडचण नाही. धालो रात्रभर चालतो.

पण ताई, तुम्हाला स्थिर फोटो हवेत. कॅमकॉर्डरमधून काढलेला फोटो छापायला घेतलात की निराश व्हाल. तुमच्यासाठी माझं मत ‘नको’ असंच. भाच्याला मात्र माझ्यातर्फे शाबासकी द्या.

कुशावती
थोडं विषयांतर करते. जमिनीलगत म्हटलं की मला उसगाळीमळ आठवतं. सांगे तालुक्यात, कुशावतीच्या काठी, जांभ्याच्या आडव्या पटावर कोरलेली चित्रं आहेत. बैल, हरणं, माणसं आणि तो प्रसिद्ध चक्रव्यूह. १९९३ साली ती अभ्यासकांपुढे आली. चित्रं पायांखाली आहेत, भिंतीवर नाहीत. दुपारी बारा वाजता गेलात तर काहीच दिसत नाही. तिथे कॅमेऱ्यापेक्षा उजेड खाली यावा लागतो. सकाळी किंवा उतरत्या उन्हात तिरपी किरणं आली की प्रत्येक खाचेत सावली भरते आणि बैल उठून उभा राहतो.

सडाफुलीताई, तुमच्या फुलांनाही हा उजेड देऊन बघा. दवबिंदूच्या केसांवरचे चिकट थेंब मागून उजेड आला की पेटतात.

वाळपईचा पाऊस
@कुशावती, विषयांतर कसलं. हे तर मूळ विषयाच्या पोटातलंच झालं.

पेडण्याची माती
उजेडाचा विषय निघालाच आहे तर. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात. पिल्लं निघताना कॅमेरा वाळूला लावून फोटो घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. कृपा करून फ्लॅश किंवा मोबाइलचा टॉर्च लावू नका. पिल्लू सगळ्यात उजळ दिशेला समुद्र समजतं. तुमच्या उजेडाकडे वळलं की पाण्यापासून लांब जातं. ऑलिव्ह रिडले वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. घरट्याजवळ वनखात्याची माणसं असतात, त्यांना विचारूनच जा.

गवळणीचा दगड
ऑलिम्पस टीजी-६ कुणीच सुचवला नाही? २०१९ चा. खिशात मावतो, १५ मीटर पाण्याखाली चालतो, मायक्रोस्कोप मोडमध्ये लेन्सपासून १ सेंटिमीटरवर फोकस होतो. सड्यावर पाणी आहे ना, पाण्यातच ठेवा.

मांडवीपलीकडे
टीजी-६ माझ्याकडे आहे आणि आवडतो. पण ताईंच्या मूळ प्रश्नावर तो नापास. स्क्रीन पाठीला चिकटलेलाच. वायफायने फोनवर बघावं लागतं. आणि १ सेंटिमीटरवर गेलात की कॅमेऱ्याचीच सावली फुलावर. त्यासाठी उजेड वळवणारी एलजी-१ नावाची रिंग वेगळी मिळते.

त्यापेक्षा पॅनासॉनिक एफझेड३००. फ्लिप स्क्रीन, २५ ते ६०० मिमीपर्यंत अखंड एफ/२.८, पाण्याचे शिंतोडे सोसतो. पुढे रेनॉक्स डीसीआर-२५० ही क्लिप लेन्स लावली की तेवढं जवळ न जाताही मॅक्रो, म्हणजे बारीक वस्तूचा मोठा फोटो. सेन्सर मात्र नखाएवढा, १२ मेगापिक्सेल. अंधारून आलं की दाणे दिसतात.

खाजनकाठी
पाण्याचे शिंतोडे हा मुद्दा आत्ता आला, खरं तर पहिला यायला हवा होता. स्क्रीनवरून आपण भांडतोय, पण गोव्याच्या पावसात सील नसलेली (पाणी आत शिरू देणारी) बॉडी घेऊन जमिनीवर ठेवणार? पाऊस वरून पडतो तेवढाच खालून उडतो. जांभ्यावर आपटलेला थेंब वीतभर उसळतो.

आणि घरी आल्यावर बुरशी. माझी ७०-३०० लेन्स दोन पावसाळे कपाटात, चामड्याच्या पाऊचमध्ये पडून होती. आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे. एका दुकानात साफ करायला दिली. बुरशी गेली, पण भिंग बसवताना तिरकं बसलं. आता एक कड कायम धूसर येते आणि दुकानदार हात वर करतो. तेव्हापासून हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवतो. कॅमेरा घेतलात की त्याच दिवशी डबाही घ्या.

सडाफुली
सगळ्यांचे आभार. आज शनिवार, अर्धी शाळा. दुपारी सड्यावर जाऊन वायफायचा प्रयोग केला. काय झालं ते सांगते.

चवळीऐवजी थर्माकोलचे मणी भरलेली पिशवी, त्यावर डी७२००. मी शेजारच्या दगडावर, हातात फोन. चित्र दिसलं आणि मला इतका आनंद झाला! पहिल्यांदाच मी ताठ बसून गेंदाच्या डोळ्यात बघत होते. दहा मिनिटं मजेत गेली. मग भुरभुर सुरू झाली. ओल्या फोनला बोट कळेना. पुसून क्लिक करावं तर तोवर वाऱ्याने फूल हललेलं. फोनवरचं चित्रही क्षणभर मागे राहतं. ऊन-सावलीच्या शांत दिवशी हे उत्तम, फुकट आहे, सगळ्यांनी करून बघा. पण माझे दिवस पावसाचे आहेत. दुसरी बॉडी लागेलच.

आता मनात पक्कं झालंय: उभ्या फुलांसाठी फ्लिप, आणि सील असलेली बॉडी. खाजनकाठीदादा, दुसरा मुद्दा तुमचाच.

मांडवीपलीकडे
मग पॅनासॉनिक जी८५ बघाच. २०१६ चा, वापरलेला सहज मिळतो. फ्लिप स्क्रीन, सील, आणि हात हलला तरी फोटो सावरणारी सोय बॉडीतच. त्याच माउंटवर (लेन्स अडकवायच्या खाचेवर) ऑलिम्पसची ६० मिमी एफ/२.८ मॅक्रो बसते, तीही सील केलेली आणि मूळ आकारापर्यंत जाते. सेन्सर तुमच्या निकॉनपेक्षा लहान, पण जवळच्या फोटोत तो फायदाच. त्याच चौकटीसाठी, त्याच ॲपर्चरला फुलाचा जास्त भाग स्पष्ट येतो.

करमळीची वाट
माझ्या डी५६०० चं मत मागे. जी८५ ला पाठिंबा.

खाजनकाठी
फ्लिप असला तरी माझाही. दुकानात जाऊन हातात घेऊन मगच पैसे द्या.

सडाफुली
दोन आठवड्यांनी परत आले. जी८५ घेतला, वापरलेला, ६० मिमी मॅक्रोसकट. बजेटमध्ये बसला.

दुकानात काय केलं ते सांगते, कुणाला उपयोग होईल. कॅमेरा काउंटरवर बघितलाच नाही. चपला काढल्या, कॅमेरा फरशीवर ठेवला, समोर पेनाचं टोपण उभं केलं. टोपण साधारण माझ्या फुलांएवढं. स्टूल मागून घेतलं, त्यावर बसले, स्क्रीन उघडून वर फिरवला आणि टोपणावर फोकस केला. मग कॅमेरा उभा करून परत तेच. मग बाहेर पायरीवर नेऊन उन्हात. भर उन्हात स्क्रीनवर काहीच दिसत नव्हतं, तळहाताची सावली धरावी लागली. ही गोष्ट दुकानाच्या ट्यूबलाइटखाली कळली नसती. स्क्रीनचा सांधा वीसेक वेळा उघडून-मिटून पाहिला, कुठे सैल नाही ना ते. मालक आधी गोंधळले, नंतर स्वतःच खाली बसून टोपण सरकवून देऊ लागले.

आज सकाळी सड्यावर गेले. छोटं प्लास्टिकचं स्टूल नेलं होतं. आधी बसायची जागा शोधली: उघडा कातळ, ज्यावर काहीच उगवलेलं नाही. तिथे स्टूल. मग हात पोचेल तेवढ्यात जे फूल असेल तेच काढायचं, पलीकडचं नाही. दीड तासात एकाच ठिकाणावरून सीतेची आसवं, दोन जातींचे गेंद आणि एक दवबिंदू मिळाला. दवबिंदूच्या पानावर एक चिलट चिकटलेलं, केस हळूहळू त्याच्यावर वाकत होते. मागून सकाळचं ऊन. @कुशावती, थेंब खरोखर पेटले होते.

गुडघा दुखला नाही.

कुशावती
फोटो टाका ना ताई!

माशेलकर
तवा नेलात की नाही?

सडाफुली
तवा भावाकडे दिलाय, भोक पाडून येतोय. फोटो संध्याकाळी टाकते. आणि सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी कुणाला यायचं असेल तर या, एका वेळी चार जण. स्टूल आपापलं आणा.

नवशिकी
मी येणार. माझा मोबाइलच आहे, उलटा धरून आणते.